बारकीचा जुना एक्स-रे

४ जानेवारी

प्रिय ताई,

मी फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर माझं निम्मं बोलणं समोरच्याला कळत नाही, मग तो तीनतीनदा "काय? काय?" करतो आणि मी गप्प होते. पत्रात तरी माझा 'स' हा 'स'च राहतो.

बातमी अशी की मी शेवटी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाईंनीच पाठवलं. झालं असं, की मी चित्र दाखवून 'ससा' म्हणते आणि माझ्यामागून अख्खा वर्ग 'थथा' म्हणतो. चेष्टा नाही करत बिचारे, त्यांना तो शब्दच तसा वाटतो. एका आईने तक्रार केली. मोठ्या बाई चांगल्या आहेत, पण उमेदवारीचे सहा महिने संपेपर्यंत त्यांनी मला वर्गावरून काढून कागदकामाच्या खोलीत बसवलं आहे. दिवसभर फुलं कातरते.

हॉस्पिटलात जबड्याच्या एक सर्जनबाई आहेत. बुटक्या, घाईत असणाऱ्या, पण समजावून सांगतात. म्हणाल्या, "पुढे आलेली प्रत्येक हनुवटी आम्ही कापत नाही. आधी नुसत्या तारांनी भागतंय का ते बघतो. हाडातच फरक असेल, दात दातांना भेटत नसतील, चावता येत नसेल, बोलणं बिघडलं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, कानापाशी सांधा दुखत असेल, तेव्हा ऑपरेशन सुचवतो. आणि तेही वाढ थांबल्यावरच." त्या एकेक विचारत गेल्या आणि मी मान हलवत गेले. माझे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, हे तुला माहीत आहे. पाव मी अजून बोटांनी तोडूनच खाते.

म्हणजे वर्षभर तारा, मग ऑपरेशन. वरचा जबडा पुढे, खालचा मागे. मी बाबांना फोन केला तर ते लगेच म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत तर करून टाक." इतक्या पटकन हो म्हणतील असं वाटलं नव्हतं.

आता तुझ्याकडे काम. माझी वाढ थांबली की नाही हे बघायला त्यांना जुना एक्स-रे हवा आहे. मी साडेसतरा वर्षांची असताना दातवाल्या काकांनी बाजूने काढलेला, तो. सोबत दातांचे प्लास्टरचे साचे होते. तुझ्या फोटो-स्टुडिओतल्या कपाटात निगेटिव्हच्या पाकिटांजवळ तूच ठेवले होतेस. काका दवाखाना बंद करून मुलीकडे गेले, त्यांच्याकडे काही उरलं नसेल. जुना आणि आत्ताचा एक्स-रे जुळला की लगेच तारा लावतील. पाठवशील ना?

तुझी बारकी

१३ जानेवारी

प्रिय बारके,

पत्र मिळालं. बाबा बरे आहेत. दाढी वाढवली आहे पुन्हा. आपल्या घराण्याची हनुवटी झाकायची सोय फक्त त्यांनाच आहे, तरी ती दाढीतूनही पुढे येतेच.

एक्स-रेचं वाईट झालं आहे. गेल्या पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. खालच्या कप्प्यातल्या कितीतरी फिल्म एकमेकींना चिकटून गेल्या, त्यात तुझाही एक्स-रे गेला. सोडवायला गेले तर वरचा थरच निघून आला. साचे कपाट हलवताना पडून फुटले. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, राहून गेलं.

आता थोरली म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. स्टुडिओत एक नर्स फोटो काढायला आली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, या ऑपरेशनात खालच्या ओठाची नस दुखावते, कुणाकुणाचा ओठ कायमचा बधिर राहतो. चार-पाच तास भूल. दीड महिना नुसतं पातळ खाणं. आणि एवढं करून निघणारा चेहरा आपला वाटेलच असं नाही. मी रोज पन्नास चेहरे कॅमेऱ्यातून बघते. तुझ्या चेहऱ्यात काही वाईट नाही. माझाही जबडा तसाच आहे. मी जगतेच आहे ना? कुणी मेलं नाही त्याने.

वर्षभर थांब. घाई कशाला?

तुझी ताई

२८ जानेवारी

प्रिय ताई,

एक्स-रे गेल्याचं मी दोनदा वाचलं. पण तू स्वतःला लावून घेऊ नकोस. भिंतीच्या ओलीला तू काय करणार?

सर्जनबाईंना सांगितलं. म्हणाल्या, मग इलाज नाही, आत्ताचा एक्स-रे धरून चालू आणि बरोबर एक वर्षाने दुसरा काढू. तोवर तारासुद्धा नाहीत. वाढ चालू असताना कापलं तर हाड पुन्हा पुढे येतं, सगळं केलेलं पाण्यात जातं. पटलं मला. तरी बाहेर बाकावर येऊन बसले आणि रडले. तारा आत्ता लागल्या असत्या तर मोठ्या बाई वर्षभर थांबणार होत्या, आता दोन वर्षं म्हणजे माझी उमेदवारी गेलीच. मोठ्या बाई जूनमध्ये दुसरी मुलगी घेणार आहेत. तोंडावर बोलल्या नाहीत, पण कागदकामाच्या खोलीत सगळं ऐकू येतं.

उजव्या कानापाशी आता जांभई दिली तरी कट्‌ असा आवाज होतो आणि कळ डोक्यात जाते. परवा जेवताना तुकडा न चावताच गिळला गेला आणि घशात अडकला. शेजारच्या बाईंनी पाठीत धपाटे घातले. तू बाबांना सांगू नकोस.

एक गंमत सांगते. माझ्या पाकिटातला आपल्या दोघींचा फोटो सर्जनबाईंनी पाहिला. "ही बहीण ना? सांगायलाच नको," म्हणाल्या. मला एकदम बरं वाटलं. इथे मी कुणाचीच नाही, आणि त्या एका फोटोने मी कुणाची तरी झाले.

तुझी बारकी

१६ मार्च

प्रिय बारके,

उत्तराला उशीर झाला. शाळांचे परीक्षेचे फोटो चालू आहेत, मान वर करायला फुरसत नाही. दिवसभर "हनुवटी खाली, अजून थोडी खाली" म्हणून घसा बसला.

बाबा ठीक. तू मऊ खात जा.

ताई

२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र इतकं कोरडं होतं की मी आठ दिवस विचार करत होते, माझं काय चुकलं. मग काल हॉस्पिटलात सांधा दाखवायला गेले, तर नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "तुमची बहीण फेब्रुवारीत येऊन गेली ना? मी लांबूनच ओळखलं."

ताई, तू इथे आलीस आणि मला भेटलीही नाहीस? आधी फार राग आला. माझ्या खोलीपासून हॉस्पिटल चालत वीस मिनिटांवर आहे.

नंतर रस्त्याने येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू माझ्यासाठी आली होतीस. एक्स-रे गेल्याची टोचणी तुला लागली असणार, म्हणून सर्जनबाईंना गळ घालायला आलीस, की वर्ष न थांबता काही करता येईल का. आणि त्या नाही म्हणाल्या असतील, म्हणून मला तोंड दाखवायला नको वाटलं तुला. मी ओळखते तुला. सगळं आतल्या आत करतेस. सर्जनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते तुमच्या बहिणीलाच विचारा." तूच त्यांना बजावून ठेवलं असशील.

ताई, एवढा प्रवास करून आलीस, मला सांगितलंसुद्धा नाहीस. माझ्यासाठी दुसरं कुणी एवढं करणार नाही. मी तुझ्यावर मनातल्या मनात रागावले त्याची माफी मागते.

तुझी बारकी

९ एप्रिल

प्रिय बारके,

माफी मागू नकोस. तू ज्याबद्दल आभार मानते आहेस त्यातलं मी काहीही केलेलं नाही.

या पत्राबरोबर रजिस्टर्ड पार्सल येईल. त्यात तुझा एक्स-रे आहे. धडधाकट, काढला त्या दिवशी होता तसाच. भिंतीला ओल आलीच नव्हती. साचेही फुटलेले नाहीत, कापसात गुंडाळून घातले आहेत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी मी तो शोधून काढला, निगेटिव्ह बघायच्या दिव्यावर ठेवला, अर्धा तास बघत बसले. मग वरच्या फळीवर ठेवून दिला आणि तुला ओलीची गोष्ट लिहिली. नर्सही कुणी आली नव्हती. मीच पुस्तकातून वाचलं होतं.

हॉस्पिटलात मी माझ्यासाठी गेले होते.

सगळं एकदाच सांगते, पुन्हा धीर होणार नाही. तुझ्या पत्रात बाबांचं एक वाक्य होतं, "करून टाक." मी एकोणीस वर्षांची असताना बाबांना हेच विचारलं होतं. तू तेव्हा दहा वर्षांची. ते म्हणाले, "तोंडाला काय धाड भरली आहे? नखरे नकोत." मी पुन्हा विषय काढला नाही. आणि तुला ते लगेच हो म्हणाले. ते वाक्य माझ्या पोटात गेलं आणि तिथेच बसून राहिलं.

आणखी एक गोष्ट घरात कुणाला माहीत नाही. माझं लग्न ठरत होतं ते मोडलं तेव्हा मी सांगितलं की आमचे विचार जुळले नाहीत. खरं असं की त्याला पाठवलेल्या फोटोत मी माझी हनुवटी स्वतःच घासून कमी केली होती. लोकांचे डाग काढते, तशी. तो स्टुडिओत आला, मी काउंटरमागे उभी होते. मला बघून त्याने विचारलं, "फोटोतल्या बाई आत आहेत का?" मी म्हटलं, बाहेर गेल्या आहेत. तो तासभर बसून निघून गेला.

आणि आता तू खरोखरची तशी होणार. मला ते सोसवेना. आपण दोघी बरोबर असलो की लोक हसायचे, पण दोघींना हसायचे. एकटीला हसू लागले तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

तर मी तुझ्या सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, एक्स-रे काढला. म्हणाल्या, "तुमचे पुढचे दात टोकाला टोक का होईना, भेटतात. चावता येतं, बोलणं स्वच्छ आहे, श्वासाला त्रास नाही, सांधा चांगला आहे. मी तुम्हाला ऑपरेशन सुचवणार नाही. ओठ बधिर राहण्याचा धोका तुम्ही ज्यासाठी पत्करायचा, असं काही मला दिसत नाही." मी म्हटलं, मला माझा चेहरा आवडत नाही. त्या म्हणाल्या, "त्यासाठी दुसरे सर्जन तुम्हाला मिळतील. पण आधी स्वतःशी नीट बोला. तुमच्या बहिणीला मात्र हे लागणारच आहे."

तेव्हा बारके, मला तुझ्या दुखण्याचा हेवा वाटला. तुझ्या कानातल्या कळेचा, घशात अडकलेल्या तुकड्याचा. माणूस इतकं खाली जाऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. तुझ्या खोलीच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत आले होते. तिथून परत फिरले.

तू काय म्हणशील ते म्हण.

ताई

२७ एप्रिल

ताई,

पार्सल मिळालं. दोन्ही एक्स-रे एकमेकांवर ठेवून बघितले. रेघेला रेघ जुळली. वाढ केव्हाच थांबली होती. जानेवारीतच तारा लागल्या असत्या. काल लागल्या.

मोठ्या बाईंनी जूनची वाट न बघताच नवी मुलगी घेतली. माझा कातरीचा ट्रे मी स्वतः धुऊन दिला. आता मी एका औषधाच्या दुकानात मागच्या बाजूला खोके लावते, तिथे बोलावं लागत नाही.

घशात तुकडा अडकल्याचं मी तुला लिहिलं होतं. ते वाचूनही तू सव्वादोन महिने एक्स-रे फळीवर ठेवलास. बाकी सगळं मी कधीतरी समजून घेईन. हे मला जमत नाही.

सध्या पत्र पाठवू नकोस. बाबांना मी काही सांगितलेलं नाही.

बारकी

२ जून

प्रिय बारके,

वर्ष उलटून गेलं, तू म्हणालीस तसं वागले. आज लिहिते, कारण बाबांनी सांगितलं की ऑपरेशनची तारीख ठरली, चोवीस जून. बाबांना मी गेल्या वर्षीच सगळं सांगून टाकलं. त्यांनी उठून चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाले, "तुला तेव्हा नाही म्हटलं ते माझ्या जबड्यावरचा राग होता. तुझ्यावर काढला." एवढंच. त्यांनी चहा केला, आम्ही प्यायलो.

ऑपरेशननंतर कुणीतरी लागेल. बाबांच्या गुडघ्यांना तीन जिने झेपणार नाहीत. मी येऊ का? तू नको म्हणालीस तर दुसऱ्या कुणाची सोय करते.

हेवा गेला आहे असं मी लिहिणार नाही. पण त्याच्याशी ओळख झाली आहे. तो डोकं वर काढतो तेव्हा मला कळतं.

ताई

८ जून

ताई,

ये. मिक्सर घेऊन ये, इथला मोडका आहे. गाळणी बारीक जाळीची लागेल.

बारकी

६ ऑगस्ट

प्रिय बारके,

सुखरूप पोचले. तू जिना उतरून फाटकापर्यंत आलीस, ते बरं केलंस.

सहा आठवड्यांत आपण बोललो ते सगळं पाटीवरच. तू लिहायचीस, मी बोलायचे. पहिल्या आठवड्यात तुझा चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता, रबरांनी दात बांधलेले, आणि तू पाटीवर लिहिलंस, 'सूप खारट.' तेव्हा मला वाटलं, निभावलं.

एक गोष्ट तिथे सांगितली नाही. सूज उतरली आणि तू पहिल्यांदा आरशासमोर बाजूने उभी राहिलीस, तेव्हा मी पातेलं घेऊन बाहेर गेले. तुला वाटलं मला आनंदाने रडू आलं. निम्मं तसं होतं. निम्मं नव्हतं. ती तिथे उभी असलेली बाई म्हणजे मी घासून काढलेल्या फोटोतली बाई होती. मी जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले, पातेलं खरवडलं, मग आत आले. तुला दूध गाळून दिलं. हे पुन्हा पुन्हा होईल बहुतेक. दर वेळी मी आत येईन, एवढं सांगू शकते.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत मी माझा एक फोटो लावला आहे. बाजूने काढलेला, न घासलेला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा का लावलात? मी म्हटलं, प्रकाश चांगला पडला आहे. खरंच चांगला पडला आहे.

ताई

२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. ती नवी मुलगी लग्न करून गेली. मला वर्गावर उभं करून त्या मागे जाऊन बसल्या. मी चित्र दाखवून 'ससा' म्हटलं आणि बावीस मुलं 'ससा' म्हणाली. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारपासून या."

परवा पावाचा तुकडा दातांनी तोडला. तुकड्यावर माझ्या दातांची गोल खूण उमटली. माझ्या दातांची खूण मी याआधी कधी पाहिली नव्हती. खालचा ओठ अजून बधिर आहे. दूध ओघळतं आणि मला पत्ता नसतो, मुलं सांगतात, "बाई, पुसा." सर्जनबाई म्हणतात, वर्षभर लागेल, थोडं कायमचंही राहील.

एक्स-रेचं मी अजून विसरले नाही. काही दिवस अजिबात आठवत नाही, आणि मग कधी पोळीचा घास घेताना एकदम आठवतं आणि तुझा राग येतो. तू तुझं खरं लिहिलंस, म्हणून माझंही लिहिते. आणखी एक लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर बसले.

बाबा गेल्या आठवड्यात डोळे दाखवायला इथे आले होते. मला घ्यायला शाळेच्या फाटकाशी आले. तिथला रखवालदार नवा आहे, तो कुणालाही आत सोडत नाही. मी धावत खाली गेले आणि म्हटलं, माझे वडील आहेत. त्याने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बाबांकडे बघितलं. म्हणाला, "बाई, ओळखपत्र दाखवायला सांगा यांना." तो त्याचं कामच करत होता.

लहानपणापासून मला कुणी, तू कुणाची, असं विचारलेलं नाही. दुकानदार, मास्तर, नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई, सगळे लांबूनच ओळखायचे. मला त्याची चीडच यायची. आणि त्या दिवशी बाबा फाटकाबाहेर उभे राहून खिसे चाचपत होते आणि मी आत उभी होते.

ओळखपत्र सापडलं. आम्ही चालायला लागलो. बाबांनी दाढीवरून हात फिरवला आणि हसत म्हणाले, "थोरलीला बरोबर आणलं असतं तर त्याने विचारलंच नसतं."

मीही हसले. पण ताई, कोपऱ्यावर पोचेपर्यंत मला तुझा असा हेवा वाटत होता, की मला त्यांच्याशी एक शब्दही बोलवेना.

तुझी बारकी